‘डिग्रीत शिकलेलं पुढं काही कामाला येत नाही’ : हिशोब मांडून उत्तर

बारावीचा निकाल लागला की मराठवाड्यात गावोगावच्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. बीए, बीकॉम, बीएस्सीची तीन वर्षं वाया जातात. कर्जाचा हिशोब संगणक करतो, संख्याशास्त्र परीक्षेपुरतं, रसायनशास्त्र प्रयोगशाळेबाहेर येत नाही, इतिहास-भाषा म्हणजे वेळ घालवणं. आणि अडलंच तर मोबाइल आहे. हे वाचून पोरं प्रवेश घेतानाच विषयातून मन काढून घेतात. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

कर्जाचा हिशोब संगणकच करतो, मान्य. पण कोणत्या पद्धतीनं करायचा, हे कर्ज देणारा ठरवतो. 1 लाख रुपये, 3 वर्षं, 12 टक्के व्याज. दर ‘फ्लॅट’ असेल तर व्याज 36,000 आणि मासिक हप्ता 3,778 रुपये. तोच दर घटत्या शिलकेवर लावला तर हप्ता 3,321 आणि एकूण व्याज सुमारे 19,600. फरक पडतो, कारण फ्लॅटमध्ये तुम्ही फेडलेल्या मुद्दलावरही शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज चालू राहतं. खरा वार्षिक दर 21 टक्क्यांच्या पुढं जातो. ट्रॅक्टर, दुचाकी, बचत गटाचं कर्ज, कुठंही सही करण्याआधी विचारायचं ते हेच, आणि हे गणित वाणिज्य शाखेत शिकवतात.

संख्याशास्त्राचं उत्तर सोयाबीनच्या पोत्यात आहे. घरचं बियाणं पेरायचं तर उगवणक्षमता किमान 70 टक्के हवी. पुष्कळजण वरच्या मुठीतले 10 दाणे भिजवतात, 7 उगवले की निर्धास्त होतात. पण 70 टक्क्यांच्या बियाण्यातून 10 दाणे घेतले तर निव्वळ योगायोगानं 5 किंवा 9 उगवू शकतात. तसंच 50 टक्क्यांचं बियाणंही कधीकधी पास होऊन जातं. 100 दाणे घेतले की चूक साधारण 9 टक्क्यांच्या आत येते, 400 घेतले की 5 च्या आत. नमुन्याचा आकार नावाचा जो धडा कंटाळवाणा वाटतो, तो हाच.

दाणे कुठून घेता, तेही तितकंच महत्त्वाचं. पोत्याच्या वरून, मधून, तळातून घेऊन मिसळा. सोयाबीनचं टरफल नाजूक. मळणीयंत्राचा वेग जास्त असला किंवा पोतं आपटलं की आतला कोंब दुखावतो आणि दाणा वरून धडधाकट दिसतो. ओल्या गोणपाटावर 10-10 च्या ओळी मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा. सहा-सात दिवसांनी मूळ आणि कोंब दोन्ही नीट असलेलेच दाणे मोजा. नुसते फुगलेले धरू नका. 65 निघाले तर एकरी 30 किलोऐवजी 30 × 70 ÷ 65, म्हणजे 32 किलोच्या थोडं वर पेरा.

रसायनशास्त्राचा मुद्दा आणि मोबाइलचा मुद्दा एकाच जागी निकालात निघतात. सोयाबीनला खत किती, असं विचारलं की मोबाइल सांगतो 30:60:30. हे किलो आहेत, पण हेक्टरी, आणि नत्र, स्फुरद, पालाश यांचे. खताच्या पोत्याचे नव्हेत. डीएपी या खतात 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद. 60 किलो स्फुरदासाठी 130 किलो डीएपी लागतं, त्यातूनच साडेतेवीस किलो नत्र येतं. उरलेल्या साडेसहा किलोसाठी 14 किलो युरिया पुरे. एकराचा हिशोब अडीचनं भागून: डीएपी 52 किलो, म्हणजे जवळपास एक पोतं, युरिया जेमतेम साडेपाच किलो, पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश 20 किलो. हेक्टरचा आकडा एकराला लावला तर अडीच पोती डीएपी मातीत जातं. वर युरियाही सढळ हातानं टाकला की झाड पाल्यावर जातं आणि हवेतलं नत्र पुरवणाऱ्या मुळांवरच्या गाठी कमी धरतात. आकडा मोबाइलनं दिला. तो कशाचा आणि किती जमिनीचा, हे कळायला मात्र शिकलेलं लागलं.

आता इतिहास आणि भाषा. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं इथले जुने महसुली कागद उर्दूत आणि मोडी या जुन्या मराठी लिपीत सापडतात. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा या दोन लिप्या वाचणारी माणसं शोधावी लागली. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. म्हणून सरावाशिवाय नाव चुकतं, आणि नाव चुकलं की वारसाची साखळी तुटते. कागदावरचं साल बहुधा फसली, म्हणजे महसुलाच्या जुन्या कालगणनेतलं. त्यात 590 किंवा 591 मिळवले की इसवी सन निघतं: फसली 1357 म्हणजे 1947-48. एवढंसं गणित माहीत नसेल तर हातातला कागद कोणत्या पिढीचा, हेच ठरत नाही.

त्या मजकुरात एक गोष्ट खरी आहे, आणि ती झोंबते. प्रात्यक्षिकाची वही मित्राची उतरवून काढली आणि गाइड पाठ करून पेपर दिला, तर यातलं काहीच हाती लागत नाही. पण तो दोष विषयाचा नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पदवीला दुसऱ्या शाखेतला खुला ऐच्छिक विषयही घेता येतो. बीएच्या मुलीनं व्यवसाय गणित घ्यावं, बीएस्सीच्या मुलानं मोडीचा वर्ग असेल तर तो शोधावा. प्रवेशाच्या दिवशी कार्यालयात नुसती विषयांची यादी मागू नका. तो विषय शिकवायला माणूस आहे का आणि प्रात्यक्षिक खरंच होतं का, हे मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना विचारा.