शिट्टी हाती घेणाऱ्यास चार शब्द

अभिनंदन. ज्या अर्थी तुमच्या गळ्यात शिट्टी आणि खिशात दोन रंगांची कार्डं आली आहेत, त्या अर्थी फुटबॉलमध्ये तुमची काहीतरी वट असणार, किंवा आयत्या वेळी दुसरं कुणी सापडलं नसणार. आता एकच विनंती, घरी जाऊन नियमांचं पुस्तक उघडू नका. त्यात नियम फक्त १७ आहेत आणि तिथेच माणूस फसतो. सतरा म्हणजे एका दुपारचं काम, असं वाटतं. मीही एकदा बसलो होतो. बाराव्या नियमाशी पोहोचेपर्यंत दिवे लागायची वेळ झाली, आणि चेंडूला हात लागणं म्हणजे नक्की काय, हे मला दुपारपेक्षा कमी कळत होतं.

अगदीच राहवलं नाही तर पाचवा वाचा. तो खास तुमच्याबद्दल आहे. पंचाने निर्णय आपल्या मताप्रमाणे द्यावा, आणि खेळात जे घडलं त्याबाबत, अगदी गोल झाला की नाही याबाबतसुद्धा, त्याचा शब्द अखेरचा, असं त्यात म्हटलंय. म्हणजे गोल झाला की नाही हे चेंडूने ठरवायचं नसतं. २०१० च्या विश्वचषकात ब्लूमफॉन्टेनला इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका आडव्या दांड्याला लागून जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगला आत पडला आणि उसळून बाहेर आला. गोलकीपर नॉयरने तो उचलून निरागस चेहऱ्याने खेळ पुढे सुरू केला. सगळ्या स्टेडियमने पाहिलं. पंचांनी आणि लाईनमनने तेवढं पाहिलं नाही, म्हणून गोल झाला नाही. १९६६ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्याच जेफ हर्स्टचा चेंडू दांड्याखाली लागून पश्चिम जर्मनीच्या रेषेवर की रेषेपलीकडे आपटला, यावर लोक अजून भांडतात. पण लाईनमन तोफिक बहरामोव यांनी गोल म्हटलं, म्हणून गोल झाला. आज बाकूमधल्या एका स्टेडियमला त्यांचं नाव आहे. तेव्हा चुकायला हरकत नाही, पण स्टेडियमला नाव लागेल अशा बेताने चुका.

लॅम्पार्डच्या गोलानंतर रेषेवर यंत्रं बसली आणि हा एक वाद मिटला. काळजी नसावी, बाकीचे शाबूत आहेत.

हाताबद्दल मात्र जरा बैठक मारून बोलायला हवं. आधी हात म्हणजे काय ते नव्याने शिका. बालवाडीत शिकलेलं इथे चालत नाही. फुटबॉलमधला हात काखेच्या तळाशी सुरू होतो. त्याच्या वर खांदा, आणि खांद्याने खेळायला पूर्ण मुभा. नियमकर्त्यांनी ही सीमारेषा २०२० साली आखली. तेव्हापासून मोठमोठी माणसं अंधाऱ्या खोलीत व्हिडिओसमोर बसून खेळाडूंच्या काखा मोठ्या करून पाहतात. नियमाला बगल देणं म्हणतात ते हेच असावं.

बरं, हात सापडला म्हणून गुन्हा होतोच असं नाही. हेतू दिसत नसेल, तर त्या हाताने शरीर ‘अनैसर्गिकरीत्या मोठं’ केलेलं असलं पाहिजे. एक प्रयोग करा. आरशासमोर उभे राहा, दोन्ही हात मांड्यांना चिकटवा आणि जमेल तेवढी उंच उडी मारा. दिसलं ध्यान? नियमाच्या लेखी ती तुमची नैसर्गिक अवस्था. याचा धसका घेऊन डिफेंडर मंडळी हल्ली हात पाठीमागे बांधून वावरतात. परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक फिरावेत तसे ते आपल्या गोलसमोर फिरत असतात, आणि समोरून तोफगोळा येतो. हात दाखवून अवलक्षण नको, एवढाच त्यांचा हिशोब.

हा नियम दर थोड्या दिवसांनी कूस बदलतो, हेही ध्यानात असू द्या. २०१९ मध्ये ठरलं की हल्ला करणाऱ्या संघातल्या कुणाच्याही हाताला चुकून चेंडू लागला आणि त्यातून गोल झाला, तर तो रद्द. दोन वर्षांनी ठरलं की सोबत्याच्या हाताला चुकून लागला तर हरकत नाही, खुद्द गोल मारणाऱ्याच्या हाताला लागला तर मात्र रद्दच. १९८६ मध्ये माराडोनाने हाताने गोल केला तेव्हा कायदा बिचारा साधा होता आणि फक्त पंचांना दिसलं नव्हतं. आता पंचांना सगळं दिसतं, कायदाच तेवढा दिसत नाही.

नमुना म्हणून २०२४ चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, घ्या. यजमान जर्मनी. २९ जूनला डॉर्टमुंडमध्ये डेन्मार्कच्या अँडरसनने गोल केला, तो सहकाऱ्याच्या बुटाचं टोक ऑफसाईड, म्हणजे चेंडू येण्याआधीच बचावफळीच्या पुढे, सापडल्यामुळे रद्द झाला. त्याच अँडरसनच्या हाताला काही मिनिटांत चेंडू चाटून गेला. चाटून म्हणजे किती, तर चेंडूच्या पोटातल्या सेन्सरचा आलेख पडद्यावर दाखवावा लागला. ईसीजीसारखी सरळ रेष, आणि मध्येच एक उचकी. पेनल्टी, गोल, डेन्मार्क घरी. पुढे ५ जुलैला श्टुटगार्टमध्ये स्पेनविरुद्ध जादा वेळेत जर्मनीच्या मुसियालाचा गोलकडे निघालेला फटका कुकुरेयाच्या हातावर आदळला. आलेखाची गरजच नव्हती, वरच्या रांगेतून दिसत होतं. पेनल्टी नाही. जर्मनी स्वतःच्याच घरातून बाहेर.

निर्णयांत सातत्य नाही म्हणून तेव्हा केवढी ओरड झाली! तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका. सातत्य मागणाऱ्याला सातत्य नकोच असतं. माझा एक मित्र जर्मनीचा कट्टर भक्त. २९ जूनला तो मला विज्ञान शिकवत होता: लागला म्हणजे लागला, आलेख खोटं बोलत नाही. ५ जुलैला तोच, डोळे लाल करून, म्हणाला, “आलेख कसले मागता? डोळे फुटलेत का?” मी दोन्ही दिवशी नेमकं उलट बोललो, तितक्याच तळमळीने.

ऑफसाईडचं त्या मानाने बरं. तिथे मोजमाप बुटाच्या टोकापर्यंत आहे, घोळ फक्त भाषेत आहे. बचाव करणारा चेंडू ‘जाणूनबुजून’ खेळला की ऑफसाईड पुसलं जातं. २०२१ च्या नेशन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्याच दुसऱ्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात फ्रान्सचा एम्बापे ऑफसाईड उभा होता, आणि त्याच्याकडे जाणारा चेंडू अडवायला स्पेनचा एरिक गार्सिया जिवाच्या आकांताने झेपावला. चेंडूला त्याचा बूट पुसटसा लागला. झालं, तो जाणूनबुजून खेळला, गोल ग्राह्य, फ्रान्स विजेता. ठोंब्यासारखा उभा राहिला असता तर वाचला असता. जाणूनबुजून म्हणजे काय याचा खुलासा पुढच्या वर्षी आला. करंडक तोवर पॅरिसला पोहोचून पुसूनही झाला होता.

मैदानात एकटं वाटलं तर कानात बोलायला व्हीएआर, म्हणजे खोलीत बसून व्हिडिओ पाहणारे सहायक पंच, आहेतच. त्यांनी फक्त ‘स्पष्ट आणि उघड’ चुकीतच तोंड घालायचं असतं. ती उघड चूक सापडायला कधीकधी चार मिनिटं लागतात. पण सापडली तरी निश्चिंत होऊ नका. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा गोल मैदानावर ऑफसाईड दिला गेला. खोलीतल्या पंचांनी रेषा आखल्या, डियाझ ऑनसाईड निघाला. शाबास! फक्त मैदानावर गोल दिलेलाच आहे असा त्यांचा समज होता, म्हणून ते म्हणाले, ‘तपासणी पूर्ण.’ खेळ सुरू झाला. चूक काही सेकंदांत लक्षात आली, पण खेळ एकदा पुन्हा सुरू झाला की मागे जाता येत नाही, असा नियम आहे. हा मात्र त्यांना तोंडपाठ होता. यंत्राने बरोबर पाहिलं, माणसाने बरोबर वाचलं आणि गोल गेला. लिव्हरपूल हरलं २-१ ने.

कार्डांचं गणित सोपं आहे. पिवळं म्हणजे ताकीद, दोन पिवळी म्हणजे लाल, आणि लाल म्हणजे मैदानाबाहेर. गोल केल्यावर शर्ट काढला तर पिवळं कार्ड. इथे तुमचं मत कुणी विचारत नाही. बाकी सगळं मतावर. १९८२ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मन गोलकीपर शूमाखर फ्रान्सच्या बातिस्ताँवर असा धडकला की त्याचे दात पडले आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पंचांनी फाऊल न देता गोलकिक दिली, म्हणजे चेंडू शूमाखरच्याच संघाला. शूमाखरने शर्ट काढला नव्हता ना! २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या डी यंगची लाथ स्पेनच्या आलोन्सोच्या छातीत बसली, त्याला पिवळं. त्याच सामन्यात स्पेनच्या इनिएस्ताने विजयी गोल केला आणि दिवंगत मित्राचं नाव आतल्या बनियनवर दाखवायला शर्ट काढला. त्यालाही पिवळं. याला म्हणतात सातत्य.

कार्ड दिल्यावर नाव मात्र नीट लिहून ठेवा. २००६ च्या विश्वचषकात पंच ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या शिमुनिचला एकाच सामन्यात तीन पिवळी दिली, कारण दुसरं त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूच्या नावावर लिहिलं होतं. शिमुनिचचा जन्म ऑस्ट्रेलियातला, तेव्हा वहीत अगदीच खोटं नव्हतं.

आणि घड्याळ. गोलकीपरने चेंडू हातात सहा सेकंदच धरावा असा नियम वर्षानुवर्षं होता. तो कुणी मोजला नाही, म्हणून २०२५ मध्ये आठ सेकंद केले. वर पंचाने हात उंच करून शेवटचे पाच सेकंद बोटांवर मोजून दाखवायचे. सहा मोजता न येणाऱ्याला आठ दिले की जमतं, यामागे काही शास्त्र असेल.

राहता राहिली शेवटची शिट्टी. ती कधी मारायची याबाबत तुमच्यावर कसलंच बंधन नाही, वेळ तुमच्या मनगटावर आहे. १९७८ च्या विश्वचषकात ब्राझील-स्वीडन बरोबरीत होते, १-१. अखेरच्या क्षणी ब्राझीलला कॉर्नर मिळाला. तो घेऊ दिला गेला. चेंडू वळत वळत गोलकडे आला, झिकोने डोकं लावलं, जाळी हलली, आणि तेवढ्यात कळलं की वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी चेंडू हवेत असतानाच सामना संपवला होता.