फोटो ढिगाने आहेत, पण आहेत कुणाकडे?

'माझ्याकडे दहा हजार फोटो आहेत' असं कुणी म्हटलं की मी विचारते, आजीचा एखादा चांगला फोटो दाखव बरं. मग अंगठा सुरू होतो. स्क्रीनशॉट, बिलं, गुड मॉर्निंग, गाडी कुठे लावली होती तो खांब, एकाच केकचे चौदा फोटो. आजी काही सापडत नाही. 'आहे कुठेतरी, नंतर पाठवतो.' तो फोटो नंतरही येत नाही.

मला खरी अडचण फोटो हरवण्याची वाटत नाही. फोनमधला फोटो एकट्याचा असतो, ही अडचण आहे. फोन त्याचा, पासवर्ड त्याचा, आणि दाखवायचा की नाही हेही तोच ठरवणार. उद्या तोच माणूस नसला तर घरच्यांनी काय करायचं? गूगलच्या नियमानुसार दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं फोटोंसकट पुसलं जाऊ शकतं. लोक 'क्लाउडवर आहे' असं म्हणतात ते जणू तिजोरीत ठेवल्यासारखं. मायस्पेस या एकेकाळी गाजलेल्या सोशल मीडिया साइटवर फोटो ठेवणाऱ्यांनाही तसंच वाटत असणार. 2019 मध्ये कळलं की सर्व्हर बदलताना लोकांनी 2015 पर्यंत चढवलेली गाणी, फोटो, व्हिडिओ गेले. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ यांनी 2015 मध्येच सांगितलं होतं की जे फोटो खरोखर जपायचेत ते छापून ठेवा. आता हे त्यांनीच सांगावं!

छापलेला फोटो कुणाच्या परवानगीवाचून हाती येतो. पाच वर्षांचं पोर अल्बम उघडतं, बोट ठेवतं, 'हा कोण?' विचारतं आणि तिथून गोष्ट सुरू होते. फोनवर तेच पोर दुसऱ्या मिनिटाला गेमकडे वळतं. म्हाताऱ्या माणसांचं तर विचारूच नका. फोटो मोठा करायला जातात आणि तो सटकून भलताच समोर येतो.

कागद अमर असतो असं मी म्हणत नाही. जुने रंगीत फोटो लालसर पडलेत ना? त्यातला निळसर रंग आधी विरला, म्हणून. चिकट पानांवर प्लॅस्टिक चढवलेले ते अल्बम तर फोटोंचे वैरीच, त्यातला गोंद फोटोला धरून बसतो. निघत असतील ते फोटो हळूच काढून घ्या. न निघणारे ओढू नका, पानासकट स्कॅन करा. नवे घ्याल ते आम्लमुक्त कागदाचे घ्या आणि उन्हापासून लांब ठेवा. पण 2011 च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये स्वयंसेवकांनी चिखलातून फोटो वेचले, पाण्यात धुतले, वाळवले आणि लोकांनी येऊन आपापले ओळखून नेले. कागदाचं हे असं असतं. अर्धा गेला तरी उरलेल्या अर्ध्यात चेहरा दिसतो.

सगळे छापायला सांगत नाही मी. वर्षाचे चाळीस-पन्नास पुरेत. निवडताना भांडणं होतील, होऊ देत. सगळे डोळे उघडे असलेलाच फोटो घ्यायचा हा हट्ट मात्र सोडा. काकू पोट धरून हसतेय आणि मागे कुणीतरी अर्धवट चौकटीबाहेर गेलंय, तो घ्या. फुलाफुलांच्या किनारीही नकोत. चार बाय सहा इंचाच्या चांगल्या प्रिंटला 1200 बाय 1800 पिक्सेल पुरतात, म्हणजे जुन्या फोनचे फोटोसुद्धा चालतात. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले छापू नका, ते बहुधा आधीच दाबून बारीक केलेले असतात. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवा.

आणि मागे लिहा. नावं, साल, जागा. 'आई' असं लिहू नका, पन्नास वर्षांनी कुणाची आई ते कुणाला कळणार? पूर्ण नाव लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं तर अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात आणि या गुळगुळीत कागदावर पेन्सिल चालत नाही. बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर घ्या, कडेला लिहा, वाळू द्या, मगच एकावर एक ठेवा. फोटो कुणी काढला तेही लिहा, कारण ते माणूस बहुतेक वेळा फोटोत नसतंच.