डिझेल गाडी घ्यावी का, आणि कोणत्या गिअरबॉक्सची?

आमच्या कोथरूडच्या कट्ट्यावर गाड्यांचा विषय निघाला की पहिली ठिणगी गिअरवरून पडते. या वेळी निमित्त होते एका मित्राच्या खरेदीचे. त्याचे घर कोथरूडला, कार्यालय डेक्कनला, आणि त्याला हवी होती डिझेलची मोठी गाडी, तीही ऑटोमॅटिक. गॅरेज चालवणाऱ्या अण्णांना हे मुळीच पटले नाही. वरंधा घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या ब्रेकवर गाडी जशी ताब्यात राहते, तशी ती ऑटोमॅटिकमध्ये राहत नाही, असे त्यांचे ठाम मत आहे.

चाकणला गिअरबॉक्सच्या कामात असलेला आमचा मित्र यावर म्हणाला, "अण्णा, तुम्ही सगळ्या ऑटोमॅटिक एकाच मापाने मोजता." 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओमध्ये आणलेला एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, त्यात क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्रणा करते, म्हणून तो स्वस्त पडतो आणि म्हणूनच गिअर बदलताना गाडीला हिसका बसतो. टॉर्क कन्व्हर्टर या दुसऱ्या प्रकारात क्लचऐवजी शक्ती तेलातून पुढे जात असल्यामुळे रांगत्या रहदारीतही गाडी अलगद सरकते. ड्राय ड्युअल क्लच, म्हणजे तेलात न बुडवलेल्या दोन क्लचचा प्रकार, गिअर झटकन बदलतो, पण सिग्नलपाशी इंच इंच पुढे जाताना तो घसरत राहतो आणि तापतो. राहिला घाट, तर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरून ठेवता येतो. "मोड असतो रे, पण वापरतो कोण?" अण्णांनी विचारले. "घाटाच्या पायथ्याशी उभा राहा, जळक्या ब्रेकचा वास येतो की नाही ते बघ." हा आक्षेप मला यंत्रापेक्षा चालवणाऱ्यावर घेतलेला वाटतो, पण तो खरा आहे.

माझ्या मते मात्र या खरेदीत गिअर दुय्यम होता. खरा प्रश्न धुराचा होता. 1 एप्रिल 2020 पासून देशाने वाहनांच्या धुराच्या नियमांत बीएस-4 नंतरची बीएस-5 ही पायरी वगळून थेट बीएस-6 लागू केले. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे 0.25 ग्रॅमवरून 0.08 वर, तर काजळीच्या कणांची 0.025 वरून 0.0045 ग्रॅमवर आली. एवढी काजळी अडवण्यासाठी धुराच्या मार्गात फिल्टर बसवावा लागतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी त्याचे तापमान सुमारे 600 अंशांपर्यंत न्यावे लागते, आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग वेगात चालावी लागते. कोथरूड ते डेक्कन एवढ्या अंतरात इंजिन धड तापतही नाही. जाळण्याची क्रिया वारंवार अर्धवट राहिली की त्यासाठी सोडलेले जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी वाढलेली दिसली म्हणून निश्चिंत झालेले ग्राहक येतात, असे अण्णांनी काळजीने सांगितले. प्रत्यक्षात ते ऑइल पातळ होऊन बेअरिंगच्या जिवावर उठलेले असते.

अण्णांचा राग नियमावर होता. रांजणगावात बनत असलेले फियाटचे 1.3 लिटरचे छोटे डिझेल इंजिन, ज्याने स्विफ्टपासून पुंटोपर्यंत कितीतरी गाड्या ओढल्या, ते या नियमाने संपवले, असे ते म्हणाले. त्या इंजिनाबद्दलची माया मलाही आहे. पण नियम योग्यच होता, असे मी तिथेही म्हणालो आणि इथेही म्हणतो, कारण चौकात उभ्या असलेल्या पोरांच्या छातीत जाणारी काजळी इंजिनच्या लौकिकाने कमी होत नाही. कागदावरची स्वच्छता किती फसवी असू शकते, हे 2015 मध्ये फोक्सवॅगनच्या प्रकरणाने जगाला दाखवले; तिच्या डिझेल गाड्यांतले सॉफ्टवेअर फक्त चाचणीपुरता धूर कमी करत होते. म्हणूनच 2023 पासून आपल्याकडेही प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची अट आली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मग इलेक्ट्रिकच का नको, असेही कुणी विचारले. तिच्यात बदलायला गिअरच नसतात आणि घाट उतरताना मोटर स्वतःच वेग आवरून बॅटरी भरते. मात्र बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर हा आधार कमी होतो, ही चाकणकराची सूचना अण्णांनीही लक्षपूर्वक ऐकली.

इतक्या उशिरा मित्राने सांगितले की तो दर शनिवारी आई-वडिलांकडे कराडला जातो. हे आधी कळले असते, तर निम्मा वाद झालाच नसता. सातारा रस्त्यावरच्या सलग धावेत फिल्टर साफ होईल, म्हणून डिझेलला माझी हरकत उरली नाही, आणि शहरातल्या रहदारीसाठी टॉर्क कन्व्हर्टरच घ्यावा यावर चाकणकर आणि मी एकमत झालो. अण्णा अजूनही मॅन्युअलच घे म्हणतात. फिल्टरचा दिवा लागला तर गाडी बंद न करता थेट महामार्गाला लाव, एवढे मात्र त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.