‘एसएमपीएस बदला, विषय संपला’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुम्ही प्रतिक्रिया हात राखून लिहिलेली नाही, त्यामुळे मीही राखत नाही. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझ्या मामेभावाने घरी जोडलेला कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा, त्यावर मी मागचा लेख लिहिला होता. तुमचं दुरुस्तीचं दुकान आहे आणि तुमच्या मते मी साध्या गोष्टीचा नुसता फापटपसारा केला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतंय म्हणजे एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) गेला, तो बदलायचा. तरी थांबलं नाही तर फॉरमॅट मारायचा. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम पास झाला की रॅम चांगली, प्रोसेसर तर कधी जातच नाही, आणि अर्थिंग-इन्व्हर्टर हे निव्वळ पाल्हाळ. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘गिऱ्हाईकाला काय सांगू, मशीन महिनाभर ठेवून जा?’

शेवटचा प्रश्न रास्त आहे, त्याकडे येतोच. आधी ते ४१.

ही नोंद मशीन बंद पडताना होत नाही, पुढच्या वेळी चालू झाल्यावर होते. विंडोज उठल्यावर बघते की मागच्या वेळी आपण रीतसर बंद झालो नव्हतो, आणि तेवढंच लिहून ठेवते. प्लग उपटा, बटण दाबून धरा, निळी स्क्रीन येऊ द्या किंवा मशीन गोठू द्या, नोंद ४१ चीच. हा पंचनामा आहे. मृतदेह कुठे सापडला ते त्यात आहे, खून कोणी केला ते नाही. नावात ‘पॉवर’ आहे म्हणून वीजपुरवठ्याला धरायचं, एवढाच काय तो पुरावा!

त्या नोंदीवर क्लिक करून ‘डिटेल्स’ टॅब उघडा. तिथे ‘बगचेक कोड’, म्हणजे निळ्या स्क्रीनमागच्या चुकीचा क्रमांक असतो आणि तो दशमान पद्धतीत छापलेला असतो, म्हणून नेटवर तसाच शोधला तर काही हाती लागत नाही. २६ दिसलं तर षोडशमान पद्धतीत ते १ए, म्हणजे ‘मेमरी मॅनेजमेंट’. १० म्हणजे ए, ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. २९२ म्हणजे १२४, तिथे हार्डवेअरनेच हात वर केलेले असतात. त्याच यादीत खाली ‘पॉवर बटन टाइमस्टँप’ असतो. तो शून्य नसेल तर कोणीतरी बटण दाबून धरून मशीन बंद केलंय.

मामेभावाच्या मशीनमध्ये कधी २६ होतं, कधी १०. काही नोंदींत बगचेक शून्य होतं, पण तिथे टाइमस्टँपचा आकडा भरलेला. म्हणजे स्क्रीन गोठली आणि पठ्ठ्याने वैतागून बटण दाबून धरलं. एसएमपीएसने मान टाकली असती तर विंडोजला २६ की १० हे लिहायला उसंतच मिळाली नसती. दोन्ही रकाने शून्य आणि गेम खेळताना एका झटक्यात काळोख, असं असतं तर मीही आधी एसएमपीएसच उघडला असता. त्यातही नवा घेण्याआधी ग्राफिक्स कार्डाच्या वायरी बघितल्या असत्या. आठ पिनांच्या एका जोडणीची मर्यादा १५० वॉट असते. मोठ्या कार्डाला अशा दोन जोडण्या लागतात, आणि एकाच वायरीला फुटलेली दोन टोकं दोन्ही ठिकाणी खुपसलेली मशीन्स तुम्हीही पाहिली असतील.

एसएमपीएसच्या बाजूने एक मुद्दा मीच देतो. काही मशीन्स लोडवर ठणठणीत असतात आणि नुसती बसल्या बसल्या बंद पडतात. इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून प्रोसेसर रिकामा असताना इतका कमी करंट ओढायला लागला की जुन्या धाटणीच्या एसएमपीएसना तो झेपेना. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या बऱ्याच बोर्डांच्या बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ असतं, ते ‘टिपिकल करंट आयडल’ वर ठेवून बघावं. फुकटात होतं. तेवढ्याने बंद पडणं थांबलं तर खुशाल एसएमपीएस बदला, तेव्हा त्याला कारण असेल.

आता फॉरमॅट. इथे माझा तुम्हाला ठाम विरोध आहे. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात ‘मिनिडंप’ नावाचा फोल्डर असतो, त्यात प्रत्येक निळ्या स्क्रीनची एकेक छोटी फाइल जमा होत असते. फॉरमॅट मारला की त्या फायली गेल्या आणि इव्हेंटच्या नोंदीही गेल्या. शिवाय रॅममध्ये बिट उलटत असतील तर नवी विंडोजसुद्धा त्याच रॅममधून डिस्कवर उतरते. मग चार दिवसांनी भलतीच फाइल खराब निघते आणि हार्ड डिस्कवर संशय जातो. मामेभावाच्या मशीनमधल्या मिनिडंप फायली विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या तपासणी प्रोग्राममध्ये उघडून ‘अॅनलाइझ’ चालवलं तेव्हा प्रत्येक वेळी वेगळ्याच ड्रायव्हरचं नाव येत होतं, एकदा ग्राफिक्सचं, एकदा डिस्कवरच्या फायली सांभाळणाऱ्या एनटीएफएसचं, एकदा नेटवर्कचं. ड्रायव्हर खराब असेल तर सहसा तोच तो पुन्हा पुन्हा सापडतो. दर वेळी नवं नाव येतं तेव्हा घोळ त्या सगळ्यांच्या खाली असतो.

मायक्रोसॉफ्टमधल्या रेमंड चेन यांनी २००५ मध्ये लिहिलेली एक गोष्ट या बाबतीत वाचण्यासारखी आहे. लोकांच्या मशीनवरून आलेल्या क्रॅश अहवालांत अशा सूचनेवर मशीन पडलेलं दिसत होतं, जिला पडायला वावच नाही. रजिस्टर (प्रोसेसरच्या आतला छोटा कप्पा) शून्य करायची साधी सूचना, मेमरीला ती हातही लावत नाही. चौकशी केल्यावर कळलं की बरीच मशीन्स ओव्हरक्लॉक केलेली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेली होती, आणि काही मालकांना त्याचा पत्ताच नव्हता. दुकानदाराने परस्पर वेग चढवून विकली होती. (हे तुम्हाला उद्देशून नाही, रागावू नका.)

आज दुकानदाराची गरजही उरलेली नाही. बायॉसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला जास्त वेगावर नेणारं तयार सेटिंग, चालू केलं की झालं. रॅमच्या डब्यावर ३२०० हा वेग छापलेला असतो, पण बहुतेक वेळा तो आकडा एक्सएमपी चालू केल्यावरचा, १.३५ व्होल्टवरचा असतो. डीडीआर४ चं मूळ व्होल्टेज १.२. आणि प्रोसेसर बनवणाऱ्याने काय कबूल केलंय ते तर कोणी बघतच नाही. मामेभावाकडे रायझन ५ ३६०० आहे. या मालिकेसाठी एएमडीने रॅमच्या दोन स्टिकना ३२०० कबूल केलंय. चारही स्लॉट भरले तर सिंगल रँकच्या (चिपांचा एकच संच असलेल्या) स्टिकना २९३३ आणि ड्युअल रँकच्यांना (दोन संच असलेल्यांना) २६६७. याने आधी आठ जीबीच्या दोन स्टिक घेतल्या, वर्षभराने सेलमध्ये आणखी दोन घेतल्या, कंपनी तीच पण बॅच वेगळी, आणि चारही ३२०० वर पळवत होता. बंद पडणं त्यानंतरच सुरू झालं. त्याला मात्र ते ग्राफिक्सच्या नव्या ड्रायव्हरनंतर सुरू झाल्यासारखं वाटत होतं, कारण दोन्ही एकाच सुमारास झालं होतं.

मेमटेस्ट पास झाला होता, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. मी ते लेखातच लिहिलं होतं. पण मेमटेस्ट विंडोजच्या बाहेर चालतो, ग्राफिक्स कार्ड तेव्हा निवांत बसलेलं असतं, कॅबिनेट थंड. गेम चालू असताना कार्डाची गरम हवा थेट रॅमवर जाते आणि रॅम थंड असताना नेमकं जमणारं टायमिंग गरम झाल्यावर चुकायला लागतं. मेमटेस्टने चूक दाखवली तर गोष्ट पक्की. चूक दाखवली नाही तर ‘त्या रात्री, त्या तापमानाला सापडली नाही’, यापलीकडे काहीही सिद्ध होत नाही. विंडोजमध्येच ओसीसीटी या ताण देऊन तपासणाऱ्या प्रोग्रामने रॅम आणि ग्राफिक्स दोन्ही एकदम ताणल्यावर चुका दिसल्या. पहिल्या दोन स्टिक ठेवल्या, मशीन नीट. त्या काढून दुसऱ्या दोन लावल्या, तरी नीट. चारही लावून वेग २६६६ वर आणला, तरीही नीट.

म्हणजे एकही स्टिक खराब नव्हती. तुमच्या पद्धतीने आधी एसएमपीएसचे पैसे गेले असते, मग फॉरमॅट झाला असता, मग नवी रॅम आली असती आणि ‘रॅम खराब होती’ म्हणून धडधाकट रॅम कपाटात पडली असती. मशीन चाललं असतं हे खरं, पण कशामुळे चाललं ते ना तुम्हाला कळलं असतं, ना मला. म्हणून तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

‘दुकानात दिवसभर चालवून बघतो, चाललं की देतो,’ असं तुम्ही लिहिलंय. याचा हिशोब करून बघू. समजा मशीन सरासरी तीन दिवसांतून एकदा पडतं आणि पडायला ठरावीक वेळ नाही. काहीही दुरुस्त न करता ते एक दिवस सुरळीत चालण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आहे. तीन दिवस चालण्याची ३७ टक्के. नऊ दिवस धकलं तर मात्र नुसत्या नशिबाने धकण्याची शक्यता ५ टक्क्यांवर येते. म्हणजे दोन बिघाडांमधल्या सरासरी अंतराच्या तिप्पट वेळ सुखात गेला, तर दुरुस्ती झाली म्हणायला आधार आहे. दिवसभर चालवून दिलेल्या दहापैकी सात मशीन्स काहीही न करता ‘दुरुस्त’ झालेली दिसणार. मग गिऱ्हाईक परत आलं की ते ‘कायतरी डाउनलोड करतं’ असं आपण म्हणणार.

‘प्रोसेसर कधी जात नाही.’ २०२४ पर्यंत मीही हेच म्हणत होतो, आणि अंदाज म्हणून ते वाईट नव्हतं. पण इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या प्रकरणानंतर हे वाक्य जपून वापरायला हवं. अनरिअल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवरचे गेम उघडताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा निरोप येऊन बंद पडायचे. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले. दोष प्रोसेसरमध्ये होता. गेमच्या फायली उलगडताना त्याचा हिशोब चुकत होता आणि त्यातून तो भलता निरोप उमटत होता. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतो आणि त्याने आतल्या क्लॉकच्या सर्किटची झीज होते, हे इंटेलने मान्य केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायॉसमधून येणारे प्रोसेसरच्या आतले बदल) आले, आणि डबाबंद विकलेल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेला प्रोसेसर मात्र बायॉस अपडेटने बरा होत नाही. तुमच्याकडे आय७ किंवा आय९ चं यातलं मशीन आलं आणि गेम किंवा मोठी झिप फाइल उलगडताना ते अडखळत असेल, तर आधी बायॉसची तारीख बघा. तरीही अडखळलं तर वॉरंटीत पाठवा, फॉरमॅट नको.

अर्थिंगचं पाल्हाळ मी पुन्हा लावणार आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणी म्हणून दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून कॅबिनेटला जोडलेला. सॉकेटला अर्थ नसेल तर कॅबिनेट या दोघांच्या मध्ये लटकतं, २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर. करंट नगण्य, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. त्या मशीनला टीव्हीची एचडीएमआय वायर जोडताना ठिणगी उडणं, यूएसबी आपोआप तुटून जुळणं, असले प्रकार इथून येतात. मल्टिमीटर असेल आणि हात सरावलेला असेल तर फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. नाहीतर वायरमनला बोलवा. जुन्या चाळीत आणि भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, मागे वायरी दोनच.

इन्व्हर्टरच्या पाठीमागे बहुधा एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. वीज गेल्यावर एसएमपीएस आपल्या साठ्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, बस. नॉर्मलवर इन्व्हर्टरला पालटायला याहून जास्त वेळ लागतो. पंखा फिरत राहतो, ट्यूब जेमतेम लुकलुकते आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. वीज गेली होती हे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे नवा एसएमपीएस घालून काय होणार?

आता तुमचं गिऱ्हाईक. मशीन महिनाभर ठेवून घ्या असं मी म्हणणार नाही, दुकान चालवायचं असतं हे मला कळतं. मशीन आल्याबरोबर मिनिडंप फोल्डर पेन ड्राइव्हवर काढून घ्या आणि ४१ च्या नोंदींमधले ते दोन आकडे कागदावर लिहा, दहा मिनिटांचं काम आहे. मशीन सरासरी किती दिवसांनी पडतं ते विचारा. मग एक्सएमपी बंद करून, दोनच स्टिक ठेवून (प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, बोर्डाच्या पुस्तिकेत दुसरं काही सांगितलं नसेल तर) मशीन परत देऊन टाका. उरलेल्या स्टिक पाकिटात घालून त्याच्याच हातात द्या, म्हणजे ‘माझी रॅम काढून घेतली’ ही तक्रार नको. पुन्हा पडलं तर तारीख, वेळ आणि तेव्हा काय चालू होतं एवढं व्हॉट्सअॅपवर कळवायला सांगा. सांगितलेल्या अंतराच्या तिप्पट दिवस निरोप आला नाही तर बोलावून चारही स्टिक लावा, वेग मात्र प्रोसेसरला मान्य असेल तेवढाच. निरोप आलाच तर त्यातलं काय चालू होतं ते वाचून पुढे ठरवा. आणि रात्री गेम खेळताना एका झटक्यात काळोख झाला असं लिहिलेलं असेल, तर तुमच्या कपाटातला एसएमपीएस काढा. मी हरकत घेणार नाही.