स्वभाव बाजूला, आधी गल्ली बघा

स्वभाव आणि तंबाखूचं व्यसन यावरच्या एका लेखात म्हटलंय की उतावळी, धाडसाची हौस असलेली पोरं तंबाखूकडे लवकर वळतात, आणि चिंताळू स्वभावाच्यांना ती सोडणं जड जातं. पटलं, पण अर्धंच. आमच्या कर्नाटकातल्या निपाणीकडं तंबाखू आधी शेतात दिसते, मग वखारीत, मग घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांच्या सुपात. १९८१ साली याच पिकाच्या भावासाठी शेतकऱ्यांनी इथं हायवे अडवला होता. एवढ्या जवळून बघितलेल्या वस्तूची पोराला भीती कशी वाटणार?

माझंच सांगतो. मी लाजाळू, चारचौघांत तोंड न उघडणारा. कॉलेजात असताना एस्टी स्टँडमागच्या टपरीवर मित्रानं मावा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना, मळून हातावर ठेवला. नको म्हणायचं धाडस झालं नाही, म्हणून खाल्ला! आमच्या कंपूतला सगळ्यात बडबड्या, मारामारीला पुढं असणारा गडी मात्र आजवर सुपारीलाही शिवलेला नाही. त्याचे वडील तालमीतले, घरात धाक. आता हे कुठल्या स्वभावाच्या खान्यात बसवायचं?

आणि बंदीचं म्हणाल तर कर्नाटकात २०१३ पासून गुटखा बंद आहे. पण पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, दोन्ही तोंडात एकत्र; झाला गुटखा.

मला सोडायला नऊ वर्षं लागली. तोंड पूर्ण उघडेना, तेव्हा डॉक्टरनी तीन बोटं उभी घालून बघितली; चांगल्या तोंडात तिन्ही जायला हवीत. दोनच गेली.