ठाण्यात पाइप गोठत नाहीत, फायर लाइन रिकामी करू नका

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'थंडीची लाट येतेय. रात्री होज पाइपांतलं पाणी काढून टाका, एक नळ बारीक चालू ठेवा, गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून फायर लाइनही रिकामी करा. पाणी गोठलं की पाइप फुटतात.' पुढे ढकलणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, पण यातली शेवटची सूचना, म्हणजे फायर लाइन (आग विझवण्यासाठीची इमारतीतली पाण्याची पाइपलाइन) रिकामी करणं, कुणी पाळली तर जिवावर बेतेल.

पाणी गोठून पाइप फुटतात, हे खरं. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. पाइपात बर्फ अडकला की तो आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि पाइप तडकतो. म्हणून लेहला किंवा चिल्लई कलानच्या, म्हणजे कडाक्याच्या थंडीच्या, दिवसांत श्रीनगरला होज नळापासून सोडवून रिकामा करायलाच हवा. जोडलेला राहिला तर पाणी नळातच अडकतं आणि नळही फुटू शकतो.

पण त्यासाठी पारा शून्याखाली जाऊन काही तास तिथेच राहायला हवा. सांताक्रूझ वेधशाळेची नीचांकी नोंद ७.४ अंशांची आहे, २२ जानेवारी १९६२ची. येऊरच्या पायथ्याला पहाट जरा जास्त बोचते, तरी शून्य फार लांब राहतं. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठतं, मग इथे का नाही, असं काहीजण विचारतात. निरभ्र रात्री उघडा पृष्ठभाग हवेपेक्षाही थंड होतो आणि त्यावरचा दवाचा पातळ थर गोठतो. मात्र त्यासाठी हवाही मुळात बरीच गार लागते, आणि पाण्याने भरलेला पाइप गोठवायला तेवढ्याने भागत नाही.

मग गच्चीवरचा होज हिवाळ्यात चिरतो तो कशाने? वर्षभराच्या उन्हाने. प्लास्टिक कडक झालेलं असतं, त्यात पुढची नोझल बंद ठेवून नळ सुरू राहतो आणि वाकलेल्या जागी होज फाटतो. रिकामा करून सावलीत गुंडाळून ठेवा, जरूर. बाराही महिने ठेवा.

नळ बारीक सोडण्याचं गणित बघा. मिनिटाला १०० मिलिलिटर धरले तरी आठ तासांत ४८ लिटर. शंभर फ्लॅटच्या इमारतीत एका रात्रीत ४,८०० लिटर, म्हणजे १० हजार लिटरचा जवळजवळ अर्धा टँकर. टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायट्यांनी हे करावं?

आता फायर लाइन. आपल्या उंच इमारतींत ती कायम पाण्याने भरलेली आणि दाबाखाली असते, आणि तशीच असायला हवी. दाब थोडा उतरला की जॉकी नावाचा छोटा पंप तो भरून काढतो, जास्त उतरला की मुख्य पंप सुरू होतो. म्हणजे पंपाचं कंट्रोल पॅनल ऑटोवर असताना लाइन रिकामी करायला गेलात तर पंप आपोआप सुरू होणार. मग वॉचमन पॅनल मॅन्युअलवर टाकणार, आणि तो सकाळी परत ऑटोवर येईलच याची खात्री कोण देणार? त्या रात्री अठराव्या मजल्यावर आग लागली तर होज रील उघडणाऱ्याला नुसती हवा मिळेल. अतिथंड प्रदेशात पाइपात हवा भरून ठेवणाऱ्या वेगळ्या यंत्रणा असतात, आपली तशी नाही. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' प्रमाणे ही यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं मालक किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं तसं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

तुमच्याकडे कुणी व्हॉल्व्ह फिरवला असेल तर आजच पंपरूममध्ये जा. प्रेशर गेज बघा, पॅनल ऑटोवर आहे का तपासा, गच्चीवरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि सर्वांत वरच्या मजल्यावरची होज रील उघडून पाणी जोरात येतंय का पाहा. येत नसेल तर देखभाल करणाऱ्या एजन्सीला लगेच बोलवा, सोमवारच्या मीटिंगची वाट बघू नका.