शाळेत गप्प बसणाऱ्या मुलांवर बंदी कशासाठी?

तोंडावर लाल चिकटपट्टी लावलेल्या शाळकरी मुलांचा फोटो आणि त्याखाली लांबलचक मजकूर, असा एक मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: अमेरिकेत गर्भपाताला विरोध करणारी मुलं शाळेत दिवसभर मौन पाळतात. शाळा ही मतं मांडायची जागा नाही. ही मुलं घरून आणि चर्चमधून पढवून पाठवलेली असतात. त्यांच्या मौनाने वर्ग विस्कळीत होतो. गर्भपात करावा लागलेल्या मुलींना त्याचा जाच होतो. तेव्हा शाळांनी यावर सरसकट बंदी घालावी. आणि भारतात तर हे कोणी चालवून घेतलंच नसतं.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचं गर्भपाताबद्दलचं मत बहुतेक माझ्यासारखंच आहे. नको असलेलं गरोदरपण पुढे न्यायचं की नाही, हे त्या बाईने ठरवावं असं मी मानते. आपला १९७१ चा गर्भपाताचा कायदा मला मोलाचा वाटतो. २०२१ च्या दुरुस्तीने काही ठरावीक परिस्थितींतल्या स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंतची मुदत मिळाली, तीही मला योग्यच वाटते. तरीही बंदीची ही मागणी मला पटत नाही, आणि तिच्यासाठी दिलेली कारणं तर एकामागोमाग एक चुकीची आहेत.

आधी फोटोतला प्रकार काय आहे ते सांगते. ‘प्रो-लाइफ डे ऑफ सायलेंट सॉलिडॅरिटी’ हा गर्भपातविरोधी मौनदिनाचा उपक्रम २००४ मध्ये ‘स्टँड ट्रू’ या ख्रिश्चन संघटनेने सुरू केला. साधारण ऑक्टोबरमधल्या एका दिवशी मुलं तोंडावर किंवा दंडावर लाल पट्टी लावतात, तिच्यावर ‘लाइफ’ लिहिलेलं असतं. ती दिवसभर बोलत नाहीत आणि का बोलत नाहीत हे सांगणारी पत्रकं वाटतात. पट्टी, मौन आणि पत्रकं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदाही त्यांच्याकडे वेगवेगळं बघतो. मेसेजमध्ये मात्र सगळं एकत्र कालवलेलं आहे.

‘शाळा ही मतं मांडायची जागा नाही’

या प्रश्नाचा निकाल अमेरिकेत १९६९ मध्येच लागला. आयोवा राज्यातल्या डेमॉइन शहरात डिसेंबर १९६५ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काही मुलं दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. मेरी बेथ टिंकर तेरा वर्षांची होती, तिचा भाऊ जॉन पंधरा वर्षांचा. हे होणार अशी कुणकुण लागताच मुख्याध्यापकांनी दोन दिवस आधी बैठक घेऊन फितींवर बंदी घातली होती. मुलांना घरी पाठवलं गेलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सात विरुद्ध दोन मतांनी मुलं जिंकली. विद्यार्थी असोत की शिक्षक, शाळेच्या फाटकापाशी ते आपले घटनात्मक हक्क उतरवून ठेवत नाहीत, असं न्यायमूर्ती एब फोर्टस यांनी निकालात लिहिलं.

त्या निकालातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच शाळांमध्ये निवडणूक प्रचाराचे बिल्ले चालत होते. काही मुलं तर नाझींच्या काळाची आठवण करून देणारा ‘आयर्न क्रॉस’ही घालत होती. बंदी फक्त युद्धविरोधी फितीवर आली, म्हणजे आक्षेप त्या एका मतालाच होता. सरकारी शाळेने असं करायचं नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. (खासगी शाळांना हा नियम लागू होत नाही, त्या स्वतःचे नियम करू शकतात. मेसेजमधला फोटो कुठल्या शाळेतला आहे, हे कोणी विचारलेलं दिसत नाही.)

युद्धाविरुद्धची फीत मला पटते आणि गर्भपाताविरुद्धची पट्टी पटत नाही. पण माझी आवडनिवड ही काही कसोटी होऊ शकत नाही.

‘मुलं पढवलेली असतात’

असतीलही. टिंकर भावंडांचे वडील मेथॉडिस्ट पाद्री होते आणि आईवडील दोघेही युद्धविरोधी चळवळीत होते. फिती बांधायचं ठरलं ते एका कुटुंबाच्या घरी, मोठ्यांच्या उपस्थितीत. तरीही न्यायालयाने मत कुठून आलं याची झडती घेतली नाही. घरात जे बोललं जातं त्यातूनच मुलांची पहिली मतं तयार होतात, माझीही तशीच झाली. नंदुरबारचा शिरीषकुमार १९४२ मध्ये तिरंगा घेऊन निघाला तेव्हा शाळेत जाणारा मुलगा होता. त्याला कोणी पढवलं होतं असं आपण म्हणत नाही, कारण त्याची बाजू आपली होती.

महाराष्ट्रात स्त्रीभ्रूणहत्येविरोधी फेऱ्या निघतात, त्या तर शाळाच काढते. घोषणा शिक्षक लिहून देतात, फलक शाळेत रंगवले जातात आणि हजेरीही लागते. गर्भलिंगनिदानाला विरोध आणि गर्भपाताला विरोध या अर्थातच अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केली की कायदेशीर गर्भपातासाठी आलेल्या बाईलाही डॉक्टर परत पाठवतात. पण पढवलेपणाचाच मुद्दा असेल तर मोठ्यांच्या हुकमाने घोषणा देणारी मुलं आणि वर्गमित्रांच्या नजरा झेलत स्वतःहून गप्प बसलेली मुलं यांत जास्त पढवलेलं कोण, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

‘मौनाने वर्ग विस्कळीत होतो’

इथे नीट थांबायला हवं, कारण हा आक्षेप पोकळ नाही. टिंकर निकालाने मुलांना मोकळं रान दिलेलं नाही. शाळेच्या कामात ठोस आणि गंभीर अडथळा येत असेल, किंवा तो येईल असं मानायला सबळ आधार असेल, तर शाळा रोखू शकते. नुसती धास्ती किंवा कोणाला तरी अवघडल्यासारखं होईल ही शंका मात्र पुरत नाही.

ही कसोटी आली मिसिसिपीतून. १९६६ मध्ये तिथल्या दोन शाळांचे खटले एकाच अपील न्यायालयापुढे होते आणि दोन्हींचा निकाल एकाच दिवशी लागला. दोन्हींकडे कृष्णवर्णीय मुलं नागरी हक्कांचे बिल्ले लावून आली होती. एका शाळेत मुलांनी बिल्ले लावले आणि ती आपापल्या वर्गात बसली; ती जिंकली. दुसऱ्या शाळेत नको म्हणणाऱ्यांच्या कपड्यांवरही बिल्ले टोचले गेले, व्हरांड्यात गोंधळ झाला. ती मुलं हरली. चळवळ एकच, न्यायालय तेच, निकाल वेगळे. बिल्ल्यावर काय लिहिलं होतं यावर काहीच ठरलं नाही, मुलं कशी वागली यावर ठरलं.

गर्भपातविरोधी मुलांनाही हीच फूटपट्टी लागली आहे. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल गावात जानेवारी २०१० मध्ये एका ख्रिस्ती गटाच्या मुलांनी दोन शाळांमध्ये भ्रूणाच्या आकाराच्या, जेमतेम दोन इंची रबरी बाहुल्या वाटायला घेतल्या. एकूण अडीच हजार वाटायच्या होत्या. शाळेने अडवेपर्यंत काहीशे वाटून झाल्या होत्या. मग व्हायचं तेच झालं. इतर मुलांनी बाहुल्यांची मुंडकी उपटली, एकमेकांवर फेकल्या, शौचालयांत टाकून ती तुंबवली, काही पेटवल्या. वर्ग चालेनात. शाळेने वाटप थांबवलं, मुलं कोर्टात गेली आणि २०१३ मध्ये अपील न्यायालयात हरली. शाळेने मत दाबलं नाही, गोंधळ रोखला, असं न्यायालय म्हणालं. मला तो निकाल योग्य वाटतो.

आता तोंडावर पट्टी लावून बाकावर बसलेली मुलगी यात कुठे बसते? ती कोणाच्या हातात काही कोंबत नाही, आवाज करत नाही. शिक्षकांनी तिला प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला ती बांधील आहे. मौनाच्या नावाखाली तोंडी परीक्षा टाळायची मुभा अमेरिकेतला कायदा देत नाही. एवढी अट पाळली तर वर्ग विस्कळीत होतो हे म्हणणं टिकत नाही. मौन पाळणारी मुलंच बेशिस्त ठरवायची, तर रोज मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्यांचं काय करायचं?

‘मुलींना जाच होतो’

मेसेजमधलं हे एकच कारण वाचून मी थबकले. वर्गातली एखादी मुलगी त्या अनुभवातून गेलेली असू शकते, आणि शेजारच्या बाकावरची पट्टी तिला बोचेल. तिच्या हातात रक्ताळलेल्या चित्रांचं पत्रक कोणी ठेवलं तर शाळेने मध्ये पडलंच पाहिजे.

पण त्यासाठी बंदी लागत नाही. मिशिगनमधल्या एका शाळेत २००६ च्या मौनदिनी एका मुलाने पट्टी लावली आणि व्हरांड्यात पत्रकं वाटली. शाळेने आधी दोन्ही गोष्टी रोखल्या. खटला सुरू झाल्यावर कपडे आणि पट्टीबाबत शाळेने माघार घेतली. पत्रकांसाठी तिने जागा आणि वेळ नेमून दिली: सूचनाफलक, आणि जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमधलं टेबल. २००८ मध्ये अपील न्यायालयाने ही व्यवस्था मान्य केली. ज्याला पत्रक हवं तो टेबलापाशी जाईल, ज्या मुलीला नको तिला व्हरांड्यात कोणी गाठणार नाही.

‘भारतात हे चाललं नसतं’

चाललं आहे, आणि तेही याहून नाजूक विषयात. केरळमधली तीन भावंडं, ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची, शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत पण गात नसत. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने मुलांना परत घ्यायचा आदेश दिला. गप्प उभं राहणं म्हणजे राष्ट्रगीताचा अपमान नव्हे आणि मुलांना काढून टाकणं हा घटनेच्या कलम १९ (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) आणि २५ (धर्मस्वातंत्र्य) चा भंग आहे, असं त्यांनी ठरवलं. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. मेसेज पुढे पाठवण्याआधी तो वाचायला हवा होता.

‘सरसकट बंदी घाला’

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा १९७३ पासूनचा घटनात्मक हक्क काढून घेतला. टेक्सास, टेनेसी अशा राज्यांत आज गर्भपातावर जवळपास संपूर्ण बंदी आहे. तिथल्या सरकारी शाळेत एखाद्या मुलीला या बंदीविरुद्ध दंडाला फीत बांधायची असेल, तर वर्गात ती एकटी पडण्याची शक्यता जास्त आहे. मुख्याध्यापक, शाळा मंडळ, राज्याचं विधिमंडळ यांपैकी कोणीही तिच्या बाजूचं नसेल. तिच्याकडे असेल तो १९६९ चा टिंकर निकाल, आणि तो तिच्या कामी येतो तो लाल पट्टीवाल्या मुलालाही लागू आहे म्हणूनच. गर्भपाताचा हक्क मानणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणी ज्या सरसकट बंदीची मागणी पुढे पाठवत आहेत, ती मान्य झाली तर पहिली फीत या मुलीची उतरवली जाईल.